जनरल रजिस्टर ते दाखला : मेल मर्जची ओळख

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयापुढे दाखल्यांसाठी रांग लागते. पूर्वी लिपिक जनरल रजिस्टर पुढ्यात घेऊन एकेक दाखला हाताने लिहीत असत. पुढे संगणक आला, परंतु रीत तीच राहिली. मागील विद्यार्थ्याचा दाखला उघडायचा, त्याचे नाव पुसायचे, नवे टंकायचे आणि छापायचे. ६० मुलांसाठी हेच ६० वेळा. यात वेळ जातो हे खरेच; पण त्याहून वाईट असे की, आधीच्या मुलाची जन्मतारीख पुसायची राहून जाते आणि ती दुसऱ्याच्या नावाला चिकटते.

इतिहासाच्या अभ्यासकांना नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या समाजात तर कित्येक घरांतील पहिला लेखी कागद म्हणजे आजोबांचा किंवा वडिलांचा शाळेचा दाखला. जात पडताळणी समितीपुढे नातवंडे तोच कागद ठेवतात. त्यातील एक चुकीचे अक्षर पुढच्या पिढीला किती हेलपाटे घालायला लावते, हे पालकांस ठाऊक आहेच.

यावर ‘मेल मर्ज’ ही सोय आहे. तत्त्व सोपे आहे : माहिती एका ठिकाणी, नमुना दुसऱ्या ठिकाणी. एक्सेलमध्ये तक्ता करावा. पहिल्या ओळीत केवळ रकान्यांची नावे असावीत. शाळेचे नाव, बोधचिन्ह वगैरे सजावट तेथे नको. एका ओळीत एकच विद्यार्थी. नंतर वर्डमध्ये दाखल्याचा कोरा नमुना करून ‘मेलिंग्ज’मधून तो तक्ता जोडावा आणि नाव, जन्मतारीख, इयत्ता यांच्या जागी ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ने त्या-त्या रकान्याची खूण ठेवावी. शेवटी ‘फिनिश अँड मर्ज’ म्हटले की ६० दाखले काही क्षणांत तयार होतात. मात्र ते थेट छापखान्याकडे किंवा प्रिंटरकडे धाडू नयेत. ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ हा पर्याय घेतल्यास सर्व दाखले एका नव्या फाइलमध्ये पाहावयास मिळतात.

आता तारखांविषयी, कारण तेथे आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. तक्त्यात ५ मार्च बरोबर दिसत होते. वर्डमध्ये तीच तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी आणि दिवस नंतर, अशी उतरली. वाचणाऱ्याच्या लेखी ती ३ मे झाली. २३ तारखेच्या मुलाची चूक लगेच कळते, कारण तेविसावा महिना नसतो. परंतु १२ किंवा त्याआधीच्या तारखा निमूटपणे बदलतात. आमच्या हातून असा एक कागद बाहेर गेला. मुलीच्या आईने तो घरी रेशनकार्डाशेजारी ठेवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला.

उपाय असा की, माहिती भरण्यापूर्वीच तारखेच्या रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. आधी तारखा भरून मग स्वरूप बदलले तर त्यांच्या जागी आकडे उभे राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख एक्सेलच्या लेखी २०७४२ आहे, कारण ते १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजते. (त्याआधीच्या तारखा त्याला कळतच नाहीत, बाबासाहेबांची जन्मतारीख त्याच्या दृष्टीने नुसता मजकूर आहे.)

विद्यार्थी क्रमांकाचेही तसेच. एक्सेल संख्येचे १५ अंकच नेमके सांभाळते; पुढच्या अंकांची शून्ये होतात. सरल प्रणालीतील क्रमांक १९ अंकी असल्याने तो रकानाही ‘टेक्स्ट’च हवा.

जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये असतील तर दाखल्यावर मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, म्हणून आडनावे डोळ्यांखालून घालावीत.

आणखी एक. यादी अकारविल्हे लावताना एकच रकाना निवडून क्रम लावू नये. एक्सेल त्याबाबत विचारते, पण घाईत आपण भलतेच बटण दाबतो. मग नावे हलतात आणि जातीचा रकाना जागीच राहतो. आमच्या मते मेल मर्जमधील सर्वांत घातक चूक हीच, कारण दाखला दिसायला निर्दोष असतो. मूळ तक्त्याची एक प्रत वेगळी ठेवलेली बरी.

छपाईपूर्वी आम्ही दोघे बसतो. एकाने जनरल रजिस्टर मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने दाखल्यावर बोट ठेवत जायचे. वाचन रजिस्टरावरून, तक्त्यावरून नव्हे, कारण तक्ता भरतानाच चूक झालेली असू शकते. गेल्या खेपेस ६० दाखल्यांना दीड तास लागला आणि चार चुका सापडल्या, त्यांतल्या तीन आडनावांच्या.