हात बसतो कसा? : सराव, विसावा आणि सम्यक् व्यायाम

पिंपरी-चिंचवड परिसराच्या इतिहासात १९५४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगाची स्थापना झाली आणि ह्या भागाच्या औद्योगिक वाटचालीस वेग आला. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी जवळच असलेल्या देहूरोड येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वहस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. ह्या दोन्ही घटनांचा वारसा सांगणारा मोठा समाज आज देहूरोड, निगडी, आकुर्डी, भोसरीपासून थेट चाकणपर्यंत वसलेला आहे. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आता टर्नर, फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर म्हणून ह्या पट्ट्यात उभी राहत आहे.

ह्या तरुणांशी बोलताना एक वाक्य वारंवार कानी पडते : "अजून हात बसत नाही." आयटीआयमधून बाहेर पडून ट्रेनी म्हणून लागलेला मुलगा पहिल्या काही महिन्यांत खचतो. आणि अशा वेळी शेजारच्या यंत्रावरचा एखादा जुना कामगार सहज बोलून जातो, "हे काम रक्तातच असावे लागते." बोलणाऱ्याच्या मनात कदाचित काही नसेलही. परंतु ह्या एका वाक्यात सारी वर्णव्यवस्था सामावलेली आहे. कौशल्य जन्माने मिळते, ते कमावता येत नाही, हाच तो जुना सिद्धान्त होय. म्हणूनच हात बसतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आम्हांस केवळ शरीरशास्त्राचा वाटत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

हात बसतो तो मेंदूत

फिटरच्या शिक्षणाचा प्रारंभ कानस मारण्यापासून होतो. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून त्याचा पृष्ठभाग सपाट करावयाचा. नवख्याच्या हातून कानस पुढे-मागे डोलते, त्यामुळे कडा अधिक झिजतात आणि मध्यभाग फुगीर राहतो. गुण्या लावला की फटीतून उजेड दिसतो. हाताची ताकद पुरेशी असूनही असे का व्हावे? कारण कानस पुढे सरकत असताना डाव्या व उजव्या हाताचा दाब क्षणाक्षणाला बदलावा लागतो, आणि त्या बदलाचा हिशेब मेंदूला अद्याप ठाऊक नसतो.

हा हिशेब मेंदू कसा शिकतो? प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी चेतापेशींच्या साखळ्या एकत्र कार्यान्वित होतात. ज्या साखळ्या वारंवार एकत्र काम करतात त्यांच्यातील जोड बळकट होतात, आणि अनावश्यक हालचाल घडविणारे जोड क्षीण होतात. चूक कोठे झाली हे ताडून पुढील हालचाल सुधारण्यात लहान मेंदूचा वाटा मोठा असतो. म्हणून गुण्या लावून चूक पाहणे हा शिक्षणाचाच भाग आहे. न पाहता शंभर वेळा कानस मारल्याने चुकीचीच सवय पक्की होते.

कौशल्याची ही स्मृती शब्दांच्या व प्रसंगांच्या स्मृतीहून वेगळी असते. ह्याचा पुरावा एका रुग्णाने दिला. 'एच. एम.' ह्या आद्याक्षरांनी प्रसिद्ध असलेल्या ह्या अमेरिकन गृहस्थाच्या मेंदूवर १९५३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवीन प्रसंग लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती जवळजवळ नष्ट झाली. ब्रेंडा मिल्नर ह्या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. परंतु आपण हे पूर्वी केले आहे, ह्याची त्याला आठवणही नसे. डोक्याने विसरलेला मनुष्य हाताने शिकत होता. पाठांतरात मागे पडलेला, शाळेने 'ढ' ठरविलेला मुलगा यंत्रावर उत्तम कारागीर का होऊ शकतो, ह्याचेही काही उत्तर येथे सापडते.

आणखी एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतील संशोधकांनी काही प्रौढ व्यक्तींना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याची कला शिकविली. तीन महिन्यांनी मेंदूची छायाचित्रे घेतली तेव्हा दृष्टी व हालचालीशी संबंधित भागातील करड्या द्रव्यात वाढ दिसली. सराव सोडल्यावर ती वाढ पुन्हा घटली. म्हणजे प्रौढ वयातही मेंदू सरावाने बदलतो, आणि सराव सुटला की तो बदल ओसरू लागतो. हा मेंदू कोणाच्या कुळाची चौकशी करीत नाही.

विसाव्यात काय घडते?

येथवरचे बरेचसे आपणांस अनुभवाने ठाऊक असते. जे सहसा ठाऊक नसते ते पुढे आहे. शिकणे केवळ हात चालू असताना घडते असे आपण मानतो, आणि थांबला त्याचा वेळ वाया गेला असे समजतो. संशोधनाचा निष्कर्ष मात्र निराळा आहे.

१९७८ साली बॅडली आणि लाँगमन ह्या इंग्रज संशोधकांनी टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना दिवसातून एकच तास, काहींना दोन तास, तर काहींना दोन वेळा दोन-दोन तास असे शिक्षण दिले गेले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक आत्मसात करण्यास एकूण तास सर्वांत कमी लागले, आणि चार तास शिकणाऱ्यांना सर्वांत अधिक. गंमत अशी की, तासाच्या हिशेबाने सर्वांत चांगले शिकणारा हा पहिला गटच आपल्या शिक्षणाविषयी सर्वांत असमाधानी होता. दिवस अधिक लागत असल्यामुळे आपण मागे पडलो असे त्यांना वाटत होते.

झोपेचे महत्त्व २००२ च्या सुमारास अधिक स्पष्ट झाले. अमेरिकेतील मॅथ्यू वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठराविक क्रमाने कळा दाबावयास शिकविले. सकाळी शिकून बारा तास जागे राहिलेल्यांत फारसा फरक पडला नाही. रात्रीच्या झोपेनंतर मात्र, मध्ये काहीही सराव न करता, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि अचूकता कमी झाली नाही.

पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोहेन यांच्या प्रयोगशाळेने काही क्षणांच्या विसाव्याचा अभ्यास केला. २०१९ च्या ह्या प्रयोगात माणसांनी दहा सेकंद कळा दाबावयाच्या आणि दहा सेकंद थांबावयाचे, असे ३६ वेळा केले. प्रारंभीच्या काळातील सुधारणा प्रत्यक्ष दाबण्याच्या वेळी नव्हे, तर मधल्या विसाव्यानंतर दिसून आली. २०२१ मध्ये त्याच प्रयोगशाळेने असे मांडले की, ह्या विसाव्यात मेंदू नुकत्याच केलेल्या हालचालींचा क्रम सुमारे वीसपट वेगाने पुन्हा पुन्हा उजळतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही संशोधकांनी ह्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आहे. सलग दाबण्याने आलेला शीण विसाव्यात उतरतो आणि म्हणून वेग वाढलेला दिसतो. ते नवे शिक्षण नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. हा वाद मिटलेला नाही. परीक्षा केल्याशिवाय काहीही न स्वीकारणाऱ्या परंपरेचे आपण अनुयायी असल्याने तो झाकण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही पक्षांच्या मते विसाव्यानंतर हात अधिक चांगला चालतो. सराव विभागून करण्याचा लाभ आणि पुरेशा झोपेची गरज ह्यांचे पुरावे ह्या वादाहून कितीतरी जुने व व्यापक आहेत.

कातारी, सोनार आणि सुतार

भगवान बुद्धांनी मेंदूविज्ञान सांगितले, असा दावा आम्ही करीत नाही. असे दावे धम्माचा गौरव वाढवीत नाहीत. परंतु शिक्षण कसे घडते ह्याचे त्यांचे निरीक्षण अत्यंत सूक्ष्म होते, आणि त्यांनी आपल्या उपमा कारागिरांच्या कामातून घेतल्या, ही गोष्ट औद्योगिक पट्ट्यातील वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे पाहणाऱ्या भिक्खूला 'भमकारा'ची उपमा दिली आहे. भमकार म्हणजे आपल्याकडील कातारी, आजच्या भाषेत टर्नर. कुशल कातारी किंवा त्याचा शिकाऊ शिष्य लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जाणतो, आखूड ओढ घेताना ती आखूड आहे हे जाणतो. येथे कुशल कारागिराच्या जोडीला शिकाऊ शिष्यही उभा केलेला आहे. कौशल्याचा आरंभ जाणिवेतून होतो, आणि ती जाणीव शिकाऊ मुलालाही साध्य आहे, असाच ह्याचा अर्थ होय.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात सोनाराची उपमा येते. मुशीतील सोन्याला सोनार वेळोवेळी फुंकतो, वेळोवेळी पाणी शिंपडतो आणि वेळोवेळी नुसता पाहत राहतो. केवळ फुंकत राहिला तर सोने जळेल, केवळ पाणी शिंपडले तर थंड पडेल, केवळ पाहत बसला तर ते नीट शुद्ध होणार नाही. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोण भिक्खूला सांगितलेला वीणेच्या तारांचा दृष्टान्त वाचकांस परिचितच आहे. तार अति ताणू नये आणि ढिलीही सोडू नये. सम्यक् व्यायाम तो हाच.

आणि संयुत्तनिकायात सुताराच्या वाकसाचा दांडा येतो. त्यावर बोटांचे ठसे उमटलेले सुताराला दिसतात. परंतु आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. टपाल खात्यातील त्या असमाधानी शिकाऊंना हाच दृष्टान्त हवा होता. आजची प्रगती आज दिसत नाही, म्हणून ती झालीच नाही असे नव्हे.

प्रश्न संधीचा आणि वेळेचा

मग काही समाज विशिष्ट कामात 'उपजत' कुशल का दिसतात? कारण त्यांच्या मुलांना बालपणापासून अवजार हाताळावयास मिळाले, चूक दाखविणारा गुरू घरातच मिळाला. आपल्या मुलांना ते मिळू दिले गेले नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खाते अधिक पगाराचे होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, ह्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्याबाहेर ठेवण्यात येई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. मागावर हातच ठेवू द्यावयाचा नाही आणि नंतर ह्यांना विणता येत नाही असे म्हणावयाचे, अशी ही न्यायाची तऱ्हा होती. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे १९३६ मधील प्रतिपादन अशा वास्तवावरच उभे होते.

१९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांकडेही लक्ष दिले. कारखान्यांतील साप्ताहिक तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांच्याच कारकीर्दीत, १९४६ मध्ये आले. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला ९ तासांची मर्यादा, पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी ह्या तरतुदी केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दैनिक मर्यादा १२ तासांपर्यंत नेण्यास आणि विश्रांतीपूर्वीच्या सलग कामाची मर्यादा ५ वरून ६ तास करण्यास मान्यता दिली. जादा कामास कामगाराची संमती लागेल असेही सांगण्यात आले. परंतु कंत्राटी ट्रेनीची संमती कितपत मोकळी असते, हे चाकणला रोज बसने जाणारा प्रत्येक जण जाणतो. बारा तासांच्या पाळीत जाण्यायेण्याचे दोन तास मिळविले की दिवसाचे दहा तास उरतात. त्यातून स्वयंपाक, आंघोळ, बाजार वजा केले की कात्री लागते ती झोपेला. म्हणजे ज्या वेळी हात बसावयाचा, तोच वेळ काढून घेतला जातो. नवशिक्याच्या बाबतीत विश्रांतीचा प्रश्न हा शिक्षणाच्या हक्काचाही प्रश्न आहे.

आपण काय करावे?

शिकाऊ तरुणांनी एका वेळी कामाचा एकच अवघड भाग घ्यावा, प्रत्येक जॉब मोजून पाहावा, चूक समजून घ्यावी आणि मग थोडे थांबावे. हा विसावा मोबाइलच्या पडद्यावर घालवू नये. चार मिनिटे आनापानसती केली तरी पुरे. आठवड्यातून एकदाच सारा दिवस घासण्यापेक्षा रोज तासभर सराव करणे श्रेयस्कर.

घरच्या मंडळींनी रात्रपाळी करून आलेल्या मुलाच्या झोपेची कदर करावी. दोन खोल्यांच्या घरात दिवसा झोपणे कठीण असते. खिडकीला जाड पडदा लावणे, टीव्ही बंद ठेवणे, ह्या साध्या गोष्टी त्याच्या शिक्षणास साहाय्यक ठरतात. विहार समित्यांनीही आपले सभागृह दुपारच्या वेळी अशा तरुणांना अभ्यासासाठी व शांततेसाठी उघडे ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

शेवटी एक नाजूक मुद्दा. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम अनेक ठिकाणी होतात. अभिवादन म्हणून ते आदरणीयच आहेत. परंतु शिकण्याची पद्धत म्हणून त्यांचे अनुकरण करू नये. बाबासाहेबांची विद्वत्ता एका दिवसाच्या अठरा तासांतून उभी राहिलेली नाही. १९१३ मध्ये कोलंबियात पाऊल ठेवल्यापासून आयुष्याच्या अखेरपर्यंत रोज चाललेल्या अखंड अध्ययनाचे ते फळ होते. त्यांना खरे अभिवादन करावयाचे असेल तर ह्या वर्षी अठरा तास बसावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तास बसावे, तिसऱ्या दिवशीही.

ज्या मुलाचा हात अजून बसलेला नाही, त्याला एवढेच सांगावयाचे आहे : कौशल्य रक्तात नसते. ते सरावाने येते, सावधानतेने वाढते आणि विसाव्याने पक्के होते. आज कानस ठेवून नीट झोप, आणि उद्या पुन्हा गुण्या लावून पाहा.