लकवा मेंदूला, ‘पॉझिटिव्ह’ हृदय

वर्धा जिल्ह्यात आर्वी किंवा हिंगणघाटहून लकव्याचा रुग्ण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या रुग्णालयात आणला जातो, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर कधी ‘ट्रॉप पॉझिटिव्ह’ असाही शेरा असू शकतो. मग नातेवाईक गोंधळतात: लकवा म्हणून आणला, आता हार्ट अटॅकही?

विदर्भात हा प्रश्न किरकोळ नाही. गडचिरोलीतल्या ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या पाहणीत सातातला एक मृत्यू लकव्याने झालेला आढळला.

चिठ्ठीवरचे ‘ट्रॉप’ म्हणजे ट्रोपोनिन, हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूपेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. इजा झाली एवढेच ही तपासणी सांगते. कशामुळे झाली, ते नाही. रक्तवाहिनी तुंबली असेल, मूत्रपिंडे थकलेली असतील, ठोके अनियमित आणि भरधाव पडत असतील. किंवा मेंदूनेच हृदयाला छळले असेल. मेंदूतल्या इन्सुला या भागाजवळ इजा झाली, की ताणाची संप्रेरके उसळतात आणि धडधाकट रक्तवाहिन्या असलेल्या हृदयाचाही स्नायू दुखावतो. लकव्याच्या रुग्णांचा ईसीजी विचित्र दिसतो, हे डॉक्टरांनी १९५४ सालीच नोंदवले होते.

दोष मेंदूचा की तुंबलेल्या रक्तवाहिनीचा, याची बर्लिनच्या डॉक्टरांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थेट अँजिओग्राफीने परीक्षा घेतली. ट्रोपोनिन वाढलेले २९ लकव्याचे रुग्ण आणि त्याच वयोगटातले हृदयविकाराच्या झटक्याचे २९ रुग्ण. झटक्याच्या २३ जणांत हृदयाच्या रक्तवाहिनीत दोषी अडथळा सापडला; लकव्याच्या फक्त ७ जणांत. सात म्हणजे शून्य नव्हे, हेही खरे. शिवाय ट्रोपोनिन वाढलेल्या लकवाग्रस्तांत मृत्यूचे प्रमाणही जास्त असते, त्यामुळे ‘मेंदूचेच आहे’ म्हणून रिपोर्ट बाजूला सारणे परवडत नाही.

उलट घाईही महागात पडते. मेंदूत रक्तस्राव झालेला असताना, सीटी स्कॅन न पाहता केवळ ‘ट्रॉप’च्या जोरावर रक्त पातळ करणारे हेपॅरिन टोचले, तर रक्तस्राव वाढू शकतो. आणि मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी ते थांबवू नये, असे अमेरिकी मार्गदर्शिकाही सांगते.

निदान ठरते ते दुसऱ्या नमुन्यावर. काही तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे. आधीच वाढलेला आकडा वीस टक्क्यांहून जास्त चढला किंवा उतरला, तर इजा ताजी. मग छातीत दुखणे, ईसीजी आणि इको यांच्याशी मेळ घालायचा. तो बसला, तर हृदयरोगतज्ज्ञ. आकडा जवळपास तिथेच राहिला, तर जुना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार शोधायचा. बीएनपी या हृदयाच्या दुसऱ्या रक्ततपासणीची गोष्ट थोडी वेगळी: ते बरेच वाढलेले असेल, तर गुठळी हृदयातूनच मेंदूत गेली का, ही शंका बळावते आणि ठोक्यांवर जास्त दिवस नजर ठेवली जाते.

लहान दवाखान्यांतली अडचण ट्रोपोनिन तपासण्याच्या पट्टीची आहे. ती रेघ उमटवते, आकडा देत नाही. मग चढउतार मोजायचा कशाशी? अशा वेळी चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’सोबत रक्त किती वाजता घेतले आणि लक्षणे केव्हा सुरू झाली, एवढे लिहिले आणि पहिला ईसीजी जोडला, तरी पुढच्या डॉक्टरचे काम बरेच सोपे होते.