आईचा होकार

१९९५ च्या दिवाळीत आम्ही सर्व कुटुंबीय लोणंदहून रेल्वेने पुण्यास गेलो आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ पाहून आलो. कांद्याची अडत सांभाळणाऱ्या आमच्या अण्णांना चित्रपटांची मुळीच आवड नव्हती. तरीही अखेरच्या प्रसंगी, रेल्वेच्या फलाटावर बलदेवसिंग मुलीचा हात सोडतो तेव्हा, त्यांनी रुमालाने डोळे टिपले. परतीच्या गाडीत ते एवढेच म्हणाले, “मुलगा खानदानी निघाला. पळवून नेलं नाही.”

त्या दशकातील प्रेमपट घराघरांत का रुजले, याचे उत्तर अण्णांच्या या उद्गारात आहे. ‘एक दूजे के लिए’ (१९८१) आणि ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) या चित्रपटांतील प्रेमिकांना प्राण गमवावे लागले होते. नव्वदीनंतरचा नायक मात्र वडीलधाऱ्यांच्या पाया पडून, त्यांच्या संमतीनेच प्रेम मिळवू लागला. व्यापारी कुटुंबांनी हे चित्रपट आजीपासून नातवंडांपर्यंत एकत्र बसून पाहिले, ते यामुळेच.

बलदेवसिंग हा तर लंडनमधील दुकानदार. त्याने पंजाबातील मित्राला शब्द दिलेला. तोंडी सौद्यावर हजारोंची उलाढाल करणाऱ्यांना शब्द म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. त्याची अडचण आपल्याइतकी क्वचितच कोणाला कळली असेल. (अर्थात इतक्या दिवसांचा नकार त्याने फलाटावर क्षणार्धात फिरवला. आमच्या बँकेत साधे पीककर्जही एवढ्या झटपट मंजूर होत नसे.)

पण त्याच चित्रपटातील एक प्रसंग मला फार उशिरा उमगला. सिमरनची आई आपले दागिने पुढे करून दोघांना निघून जाण्यास सांगते. म्हणजे आईचा होकार आधीच मिळालेला होता! नायक तो नम्रपणे परत करतो, कारण त्याला वडिलांचा हवा असतो. आपण प्रेक्षकांनी त्याच्या संस्कारांचे कौतुक केले. त्या माउलीकडे पुन्हा कोणी पाहिले नाही.

मग इतर चित्रपटही आठवू लागले. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये धाकट्यांचे प्रेम वहिनीला ठाऊक असते, पण घरात सांगण्यापूर्वीच तिला मृत्यू येतो आणि अखेर चिठ्ठी पोहोचविण्याचे काम घरच्या कुत्र्याला करावे लागते. ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) मध्ये आईची इच्छा सर्वांवर मात करते खरी, परंतु ती आई पत्रे मागे ठेवून केव्हाच निघून गेलेली असते. ‘हम दिल दे चुके सनम’ (१९९९) मात्र मला वेगळा वाटला. तेथे पती पत्नीला तिच्या प्रियकरापर्यंत स्वतः घेऊन जातो आणि निर्णय तिच्यावर सोडतो. ती पतीकडे परतते, म्हणून आपल्या मंडळींना चित्रपट आवडला. ती परतली नसती तर आवडला असता का, याची मला शंका आहे.

१९९७ साली माझ्या धाकट्या बहिणीने महाविद्यालयातील एका मुलाचे नाव घरात घेतले. अण्णांनी फलटणच्या एका व्यापारी स्नेह्याला शब्द दिलेला होता. तो पाळला गेला. बहिणीचा संसार सुखाचा झाला, मेहुणे सज्जन आहेत. तक्रारीस जागा नाही.

मागील वर्षी ती माहेरपणाला आली असता दूरदर्शन संचावर तोच चित्रपट लागला. दागिन्यांचा प्रसंग आला तेव्हा ती सहज म्हणाली, “दादा, आईची माझ्या लग्नाला हरकत नव्हती. अण्णांशी तू बोलावंस, असं तिनं तुला सांगितलं होतं ना?”

सांगितले होते. मार्चअखेरीची कामे आहेत, असे सांगून मी त्याच सायंकाळी साताऱ्याच्या शाखेत निघून गेलो होतो.