माहेरी आलेलं बाळ आणि आपल्या विहिरीचं पाणी



आज पिकाचा नाही, घरातला विषय. कल्याण-डोंबिवलीला दिलेल्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात. तिकडे त्या उल्हास नदीचं, पालिकेने शुद्ध केलेलं नळाचं पाणी पितात. इकडे मुरबाड, शहापूर, कल्याण ग्रामीणला आपल्या बऱ्याच घरी विहीर नाहीतर बोअर. "आम्ही याच पाण्यावर वाढलो" हे खरं, पण तान्ह्या बाळाचा हिशोब वेगळा असतो.

*उकळलं म्हणजे झालं का?*
उकळल्याने जंतू मरतात, त्यामुळे उकळायचंच. पण पाण्यात *नायट्रेट* असेल तर ते उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं. तुरटी, टीसीएल पावडर, मेडिक्लोर, कॅन्डलचा फिल्टर यांनीही ते निघत नाही. चांगल्या स्थितीतला आरओ ते बरंचसं काढतो. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव.

*हे येतं कुठून?*
युरिया, शेणखत, गोठ्याचं मूत, संडासाचा शोषखड्डा. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20 किलोच्या वर नत्र असतं. पिकाने घेतलं नाही ते पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरतं.

*बाळाला काय होतं?*
सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर-राखाडी दिसतात, बाळ सुस्त पडतं, धाप लागते. विहिरीच्या पाण्यात दूध पावडर कालवल्याने असं होतं, हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका डॉक्टरांनी 1945 मध्ये दाखवून दिलं. तीही शेतकऱ्यांचीच घरं होती.
🚑 असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. *108* ला फोन करा आणि बाळाला कुठलं पाणी दिलं ते डॉक्टरांना सांगा.

*मग करायचं काय?*
✅ पहिले सहा महिने *फक्त आईचं दूध*. उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नको. घुटी, मध, साखरपाणीही नको. आई विहिरीचं पाणी प्यायली तरी दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.
✅ डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंच, तर नायट्रेट तपासलेलं पाणी घ्या, उकळा आणि मगच वापरा. टँकर किंवा जारचं पाणीही तपासल्याशिवाय धरू नका.
✅ बाटलीपेक्षा स्टीलची वाटी-चमचा बरा, घासायला आणि उकळायला सोपा. बाटली वापरलीच तर आयएसआय खूण बघून घ्या. बाळाच्या दुधाची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. कोणी आग्रह केला तरी भुलू नका.
❌ औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला वापरायचा नाही.

*तपासणी कशी?*
ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचं किट असतं, जलसुरक्षकाला विचारा. जंतूंच्या चाचणीची बाटली काळी पडली तर पाणी दूषित. पण तेवढ्यावर थांबू नका, "*नायट्रेट बघा*" असं मुद्दाम सांगा. पक्क्या तपासणीसाठी नमुना सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. मर्यादा आहे लिटरला *45 मिलिग्रॅम*. त्यापेक्षा जास्त आलं तर ते पाणी बाळासाठी नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासा, कारण पहिल्या पावसात वरचं सगळं विहिरीत जातं.

*विहीर आपली, युरियाही आपलाच*
👉 युरिया एकदम फेकू नका, हप्त्याने द्या. मोठा पाऊस येणार असेल तर थांबा.
👉 भेंडी, काकडीला पाटाने भरमसाट पाणी सोडू नका. पाण्याबरोबर खतही खाली जातं.
👉 उकिरडा, गोठा, शोषखड्डा विहिरीपासून किमान *50 फूट* लांब आणि उताराच्या बाजूला ठेवा.
👉 विहिरीला कठडा बांधा. बोअरच्या तोंडाभोवती सिमेंटचा ओटा करा.

वाचलेलं खत म्हणजे वाचलेला पैसा, आणि पाणीही चांगलं राहतं. ज्यांच्या घरी येत्या दोन-तीन महिन्यांत बाळंतपण आहे, त्यांनी *या आठवड्यातच* पाणी तपासून घ्या. हा मेसेज घरातल्या बायकांना वाचून दाखवा, लेकीलाही पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🙏