रोज पाव पारा, १२० चौकटी: इरादा टिकवण्याचा सोपा खेळ

रमजानमध्ये आपण उत्साहाने कुरआन वाचतो. ईद झाली की ‘आता रोज वाचायचं’ असं ठरवतो आणि आठवड्याभरात तो इरादा ढिला पडतो. नियत चांगलीच असते, पण रोज किती वाचायचं आणि कुठवर आलो, हे समोर दिसत नाही.

क्रिकेटमध्ये किती चेंडूंत किती धावा हव्यात हे फलकावर दिसतं, म्हणून शेवटच्या षटकापर्यंत जोर टिकतो. ही युक्ती घरातही चालते. मात्र खेळ तिलावतीचा करायचा नाही, सवय लावण्याचा करायचा.

हिशेब पाहा. १५ ओळींच्या प्रतीत एका पाऱ्याची साधारण २० पाने असतात. प्रत्येक फर्ज नमाजेनंतर एक पान वाचलं, तर दिवसाला ५ पाने, म्हणजे पाव पारा होतो. ३० पारे साधारण १२० दिवसांत पूर्ण होतात. आपल्याकडच्या प्रतींमध्ये पाव, अर्धा आणि पाऊण पाऱ्याच्या खुणा समासात छापलेल्याच असतात. खेळाचे टप्पे आयते तयार आहेत!

आता एका कागदावर १२० चौकटी आखून भिंतीवर लावा. पाव पारा झाला की एक चौकट रंगवा. नियम तीनच ठेवा.

पहिला, दिवस चुकला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात नाही. जिथे थांबलो तिथूनच पुढे. साखळी तुटली म्हणून सगळंच सोडून देणं, हा खरा पराभव.

दुसरा, वेगाला गुण नाहीत. घाईत उच्चार बिघडत असतील तर पानं कमी करा. कायदा शिकणाऱ्या मुलाची चौकट दोन ओळींनीही भरेल.

तिसरा, भावंडांची आपसात तुलना नको. प्रत्येकाची स्पर्धा स्वतःच्या कालच्या दिवसाशी. तक्ता घरातच राहू द्या. स्टेटसवर टाकला की दिखावा शिरायला वेळ लागत नाही.

थोडा पण नियमित केलेला अमल अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. दहावीचा अभ्यास असो की अब्बांचं सकाळचं चालणं, तिथेही हाच तक्ता उपयोगी पडेल. सवय पक्की झाली की चौकटी रंगवायचं विसरलात तरी हरकत नाही. तेव्हा समजा, खेळाचं काम झालं.