मास्क लावल्यावर केस कसे बांधावेत?

मास्क लावला की जवळजवळ निम्मा चेहरा झाकला जातो. मग केस कसे विंचरावेत म्हणजे उरलेला चेहरा बरा दिसेल, असा प्रश्न आरशापुढे पडतोच. हा प्रश्न केवळ नटण्यामुरडण्याचा नाही. त्यात थोडी चित्रकला आहे आणि बरेचसे भौतिकशास्त्र आहे.

महाराष्ट्रात मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ पासून उठली, पण गरज संपलेली नाही. आमच्या सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिका, तसेच कोकणातील चिरेखाणींत जांभ्याच्या धुळीत राबणारे कामगार, यांना चांगला मास्क आजही हवाच.

चेहरा कसा दिसतो?

चित्रकला शिकणाऱ्यांना एक साधे माप सांगतात: माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे असतात. मास्क डोळ्यांखालचा भाग झाकतो. उघडे राहतात ते डोळे, भुवया आणि कपाळ. कपाळावर झुलपे ओढली, तर उरते फक्त डोळ्यांची अरुंद पट्टी, आणि चेहरा आखूड भासतो. केस मागे घेतले की कपाळ मोकळे होते आणि चेहऱ्याची उभी लांबी परत मिळते.

झाकलेला भाग पाहणाऱ्याचा मेंदू आपल्या कल्पनेने पुरा करतो. वेल्समधील कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तर मास्क लावलेले पुरुषांचे चेहरे स्त्रियांना अधिक आकर्षक वाटले. तेव्हा मास्कमुळे रूप बिघडते, ही भीती नको.

हवा सोपी वाट धरते

आता भौतिकशास्त्राकडे वळू या. समांतर जोडणीतील दोन रोध तुम्हांला ठाऊक आहेत. ज्या वाटेचा रोध कमी, तिच्यातून विद्युतधारा जास्त. मास्कचेही तसेच आहे. एक वाट कापडातून आणि दुसरी कडेच्या फटीतून. श्वास घेताना दोन्ही वाटांवर दाबातील फरक सारखाच असतो.

समजा, दोन्ही वाटांचा रोध R आहे. मग निम्मी हवा न गाळता आत येईल. आता फट तशीच ठेवून अधिक दाट, २R रोधाचे कापड वापरले तर? फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा दोनतृतीयांश होईल! म्हणजे फट बुजवली नाही, तर नुसते कापड जाड करून भागत नाही.

ही फट केसांमुळे पडते. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रोमीटर, म्हणजे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. फुफ्फुसात खोल जाणारे बहुतेक धूलिकण ५ मायक्रोमीटरहूनही लहान असतात. म्हणजे एक केस त्यांच्या चौदापट जाड! मग कडेखाली आलेली अख्खी बट म्हणजे त्यांना उघडे दारच. शिवाय अरुंद फटीची उंची दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाला तिच्यातून सुमारे आठपट हवा जाते. कडेखाली येणारी दाढीही अशीच फट पाडते.

मग केस कसे बांधावेत?

बटा गालांवरून व कानांपुढून मागे घ्याव्यात. कानात अडकवायची दोरी केसांवरून नव्हे, कानामागच्या त्वचेवरून जावी; केसांवरून ती घसरते. डोक्यामागे दोन पट्टे असलेल्या मास्कचा वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर आणि खालचा मानेवर बसतो. अंबाडा या दोहोंच्या मधे यावा, म्हणजे पट्टे सरकत नाहीत. वेणी असल्यास खालचा पट्टा तिच्या खालून घ्यावा.

गंमत अशी, की कपाळ व गाल मोकळे ठेवणारी जी केशरचना चेहऱ्याला शोभते, तीच मास्कलाही नीट बसू देते.

करून पाहा

पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या. मास्क लावून ती गालाजवळ, मास्कच्या कडेपाशी लोंबती धरा आणि जोरात उच्छ्वास टाका. एकदा कडेखाली बट ठेवून, एकदा बट काढून. पट्टी केव्हा जास्त हलते ते वहीत टिपून ठेवा.

आणि हे गणित सोडवा: कापडाचा रोध ३R व फटीचा R असेल, तर किती हवा न गाळता आत येईल?