शेतात हवा, कागदावर नको

अमेरिकेतील बेकायदा स्थलांतराचा वाद सीमेवरील कुंपणाभोवती फिरत असला, तरी त्याचे एक मूळ कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या शेतांत आहे. दुसऱ्या महायुद्धात मजुरांची चणचण भासल्याने 1942 मध्ये मेक्सिकोशी करार होऊन ‘ब्रासेरो’ योजना, म्हणजे हंगामी शेतमजुरांना ठरावीक मुदतीसाठी कायदेशीरपणे आणण्याची व्यवस्था, सुरू झाली आणि 1964 पर्यंत तिच्याखाली सुमारे 46 लाख करार झाले. पुढे योजना बंद झाली, परंतु मळेवाल्यांची गरज संपली नाही, आणि अनेक मजूर विनापरवाना येत राहिले. योजना बंद केल्याने स्थानिकांची मजुरी वाढेल ही अपेक्षाही फारशी फळली नाही, कारण टोमॅटोसारख्या पिकांत तोडणीयंत्रे आली. विनापरवाना आलेल्या मजुरांच्या कष्टाळूपणाचे कौतुक होते खरे, मात्र त्या मुकाट्याने राबण्यामागे हद्दपारीची भीतीही असते, हे कौतुक करणारे सहसा विसरतात. 1986 च्या कायद्याने सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला आणि बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकांना दंडही ठरवला. पण मालकाने ‘जाणूनबुजून’ तसे केल्याचे सिद्ध करावे लागत असल्याने, वरकरणी खरी दिसणारी कागदपत्रे तपासलेला मालक बहुधा सुटतो आणि कायद्याचा बडगा मजुरावरच पडतो.